अर्धा सूत

प्लेसमेंटच्या मॅडम म्हणाल्या, एका पानात मावली पाहिजेस.
मी रात्रभर स्वतःला कापत बसले.
आठवीतलं वक्तृत्व गेलं,
हँडबॉलचा जिल्हा संघ गेला.
छंदांत पोहणं ठेवलं,
पण कळंब्याच्या विहिरीत पाठीला तेलाचा डबा बांधून शिकलेलं,
हे लिहायला रकाना नव्हता.

मॅडम असंही म्हणाल्या,
पुण्याच्या मुलाखतीत 'मी करतो, मी येतो' चालायचं नाही,
मुलीनं 'करते' म्हणावं.
आमच्याकडं आई 'येतो' म्हणते, मावशी 'जातो' म्हणते,
जोतिबाचा डोंगर चढून आलेल्या बायका
पायरीवर बसून 'दमलो गं बाई' म्हणतात,
कुणाचं काही अडत नाही.
तरी मी आरशासमोर उभी राहून
एकेक क्रियापद सोलून काढलं.

लॅपटॉप आईच्या भिशीतला.
तिचा नंबर दिवाळीत लागणार होता,
तिनं सुताराच्या वहिनीशी अदलाबदल करून श्रावणात उचलला,
आणि मला म्हणाली, लागला बघ नशिबानं.
नेट सुजितचं. मोबाईल खिडकीच्या गजात अडकवून
तो अंधारात नुसता बसायचा,
मॅचचा स्कोअर बघितला तर माझा डेटा संपेल म्हणून.
आई मिरची कांडपावरनं यायची,
हातांची आग, बोटं लाल,
पाठव म्हणून मी बटण दाखवलं की
ती कोपरानं दाबायची.
सदतीस अर्ज त्या कोपरानं गेले.

एकाचंही उत्तर नाही.
श्रेया इंगवलेला दोन फोन आले,
दत्तवाडच्या त्या गप्प पोरालासुद्धा आला.
मी घरात सांगितलं, मंदी आहे.
आई म्हणाली, असंल.
सुजित काही बोलला नाही,
दुसऱ्या दिवशी वडापाव दोन आणले, दोन्ही मला.

पप्पा उद्यमनगरातनं दुसरी पाळी करून
साडेअकराला येतात,
अंगाला कूलंटचा वास, खिशात व्हर्निअर.
त्या रात्री ताटाजवळ माझं पान पडलेलं.
त्यांनी हात पुसून ते उचललं,
ट्यूबलाईटपुढं आडवं धरलं,
एक डोळा मिटून कडेनं बघितलं.
"डावीकडं अर्धा सूत जास्ती सुटलंय."
"पप्पा, ते वाचायचं असतंय."
"वाचणारी वाचतील. मी बघालोय."

मग अंगठा पेरांवर फिरवत
ते वरच्या ओळीवर थांबले.
पुन्हा मोजलं.
लेथवर माल नापास करताना
त्यांचा आवाज असाच बारीक होत असेल.
"बाळ, फोन नंबर धा आकडी असतो न्हवं?
ह्यात नऊच हाईत."

सदतीस.
मंदी नव्हती, श्रेया हुशार नव्हती,
माझ्या 'करतो'चाही काही दोष नव्हता.
शेवटचा चार कापताना गेला होता,
एका पानात मावायच्या नादात.
मला रडू यायला पाहिजे होतं.
सुजित आधी हसला,
मग आई तोंडावर पदर धरून,
पदराचं तिखट डोळ्यांत जाऊन ओरडली,
मग सगळेच,
शेजारच्या शिंदेकाकांनी भिंतीवर थाप मारेपर्यंत.
पप्पा मात्र पानाकडंच बघत होते.
"माल परत पाठवता येतोय की," म्हणाले,
"दुरुस्त करून."

पहाटे तीनपर्यंत आम्ही पाठवत बसलो.
मी मायना बदलायचो,
सुजित यादीवर खूण करायचा,
आई कोपर घेऊन तयार.
मध्येच पप्पांनी विचारलं,
वडिलांचा व्यवसाय असं कुठं विचारलंय का.
नाही म्हटलं, हल्ली विचारत नाहीत.
बरं, म्हणाले, आणि व्हर्निअर पुसून
त्याच्या मखमली डबीत ठेवला,
जरा जास्त वेळ लावून.

आता जेवताना फोन ताटाशेजारी असतो,
लोणच्यासारखा.
परवा वाजला. चौघांचे घास थांबले.
मी उभी राहिले, घसा साफ केला,
'बोलते' म्हणायचं ठरवून
तोंडातून निघालं, "हां, बोलतोय."
गॅसवाला होता.
सिलिंडर खाली आणून ठेवलाय म्हणाला.
पप्पा चप्पल शोधायला लागले.
"तुम्ही जेवा," मी म्हणालो,
"मी आणतो."